दूध बाधतंय हे खरं, पण दुधातलं नेमकं काय बाधतंय?

वाचकाचा प्रश्न, थोडक्यात: मुलगी साडेचार महिन्यांची आहे. पहिले तीन महिने ती फक्त अंगावर पीत होती आणि ठणठणीत होती. आई पुन्हा कामावर जाणार म्हणून दिवसातून तीन वेळा गाईच्या दुधापासून बनवलेला नेहमीचा फॉर्म्युला सुरू केला. दोन-तीन आठवड्यांत शी पातळ आणि चिकट होऊ लागली. दोनदा तीत रक्ताचे धागे दिसले. गालांवर आणि गुडघ्यांच्या मागे कोरडे, खाजरे चट्टे उठले. बाटली संपली की ती पाय पोटाशी घेऊन रडते. ‘दूध पचत नसेल’ म्हणून लॅक्टोज नसलेला फॉर्म्युला आठ दिवस दिला, मग ‘पोटाला हलका’ असं लिहिलेला पाच दिवस. फरक पडला नाही. घरात आता सोयाचा डबा किंवा शेळीचं दूध सुचवलं जातंय, आणि अंगावरचं दूधही बंद कर असा सल्ला मिळतोय. वजनवाढ थोडी मंदावली आहे. ‘यातला कोणता डबा घेऊ?’ असं आईनं विचारलंय.

प्रिय ताई,

आधी तातडीचं सांगते. शीत दोनदा रक्त आणि त्याबरोबर मंदावलेलं वजन, हे दोन्ही आहे म्हटल्यावर पुढचा डबा उघडण्याआधी, याच आठवड्यात मुलीला बालरोगतज्ज्ञांना दाखवा. रक्त दिसलेल्या शीचे फोटो आणि जन्मापासूनच्या वजनाच्या सगळ्या नोंदी बरोबर न्या. आजच्या एका वजनावरून फारसं कळत नाही, तक्त्यावरची रेघ कुठून खाली वळली ते पाहावं लागतं. काही वेळा मात्र आठवडाही थांबायचं नसतं. उलटी हिरवी झाली, मुलगी मलूल होऊन उठवूनही नीट जागी होईना, सहा-आठ तास लंगोट कोरडा राहिला, रक्त धाग्यांऐवजी भरपूर पडलं, किंवा दूध प्यायल्यावर थोड्याच वेळात अंगावर गांधी, ओठांना सूज, श्वासाला घरघर असं काही झालं, तर त्याच वेळी रुग्णालय गाठा.

आता डब्यांकडे वळू. तुमच्या प्रश्नात एक गोष्ट धरून चाललेली आहे: दूध बाधतं म्हणजे लॅक्टोज बाधतं. पण दुधातल्या दोन वेगळ्या गोष्टी बाळाला त्रास देऊ शकतात. लॅक्टोज ही दुधातली साखर. ती पचत नाही तेव्हा आतड्यातलं लॅक्टेज नावाचं विकर कमी पडलेलं असतं. दुसरी गोष्ट म्हणजे प्रथिनं, मुख्यतः केसीन आणि व्हे. ती बाधतात तेव्हा रोगप्रतिकारशक्तीच त्यांच्यावर उलटलेली असते, आणि त्याला ॲलर्जी म्हणतात. पोट दोन्हींत बिघडतं, म्हणून गल्लत होते. डबे मात्र पूर्णपणे वेगळे लागतात.

तुमच्या पत्रातच याचं निम्मं उत्तर आहे. तीन महिने मुलगी अंगावरच्या दुधावर छान वाढली. आईच्या दुधात १०० मिलीमागे सुमारे ७ ग्रॅम लॅक्टोज असतं, गाईच्या दुधापेक्षा जास्त. जे बाळ ते पचवत आलंय, त्याला जन्मजात लॅक्टोज न पचण्याचा दोष असण्याची शक्यता जवळजवळ नाही. तो दोष अत्यंत दुर्मीळ आहे आणि जन्मल्यावर पहिल्या काही दिवसांतच जोरदार जुलाबांनी दिसून येतो. जुलाबाचा संसर्ग होऊन गेल्यावर आतड्याचं अस्तर खरवडल्यासारखं होतं आणि लॅक्टेज तात्पुरतं घटतं, हे मात्र बऱ्याचदा होतं. तेव्हा शी पाण्यासारखी, फेसाळ, आंबूस वासाची होते, ढुंगण लाल होतं, पोटात वायू धरतो, आणि काही आठवड्यांत सगळं आपोआप सावरतं. रक्ताचे धागे आणि त्वचेवरचे चट्टे हे लॅक्टोजचं काम नाही. कुणी शीतली साखर तपासायला सांगितली आणि ती सापडली, तरी एवढ्यावरून लॅक्टोजला दोषी धरू नका. अंगावर पिणाऱ्या निरोगी बाळांच्या शीतही ती सापडते.

म्हणून लॅक्टोज नसलेल्या डब्यानं फरक पडला नाही, यात आश्चर्य नाही. त्यातून साखर काढलेली असते, गाईच्या दुधाचं प्रथिन मात्र जसंच्या तसं असतं. ‘पोटाला हलका’ असं लिहिलेल्या डब्यात प्रथिनांचे तुकडे केलेले असतात, पण अर्धवट. ॲलर्जी ओळखायला जेवढे मोठे तुकडे लागतात, तेवढे त्यात शिल्लक राहतात. मुलीनं या दोन्ही डब्यांतून तेच प्रथिन घेतलं. तिनं दोन वेगळ्या दुधांना नकार दिला असं मनात धरू नका.

त्रास किती वेळानं दिसतो, हेही डॉक्टर तुम्हाला विचारतील. काही मिनिटांत ते दोन तासांत गांधी, सूज, उलटी, घरघर होत असेल तर ती तात्काळ प्रकारची ॲलर्जी. त्यासाठी त्वचेची किंवा रक्ताची आयजीई (तात्काळ ॲलर्जी घडवणारी प्रतिपिंडं) तपासणी उपयोगी पडते. तुमचं वर्णन दुसऱ्या, म्हणजे उशिरा उमटणाऱ्या प्रकाराशी जुळतं. त्यात शी, पोट आणि त्वचा यांवर परिणाम दिसायला काही तासांपासून दोन-तीन दिवसांपर्यंत वेळ लागतो. या प्रकारासाठी कुठलीही रक्ततपासणी नाही. आयजीजी या दुसऱ्या प्रतिपिंडाची लांबलचक यादी करून देणाऱ्या तपासणीवर पैसे घालवू नका, तिच्यावरून ॲलर्जी ठरत नाही. निदानाचा रस्ता एकच: गाईच्या दुधाचं प्रथिन दोन ते चार आठवडे पूर्ण बंद करायचं, काय बदलतं ते पाहायचं आणि मग ते पुन्हा देऊन पाहायचं.

इथे तुमच्या हातून जे झालं, ते बहुतेक घरांत होतं. आठ दिवस एक डबा, पाच दिवस दुसरा. सुजलेलं आतडं निवायला एक-दोन आठवडे लागतात, त्वचेला चार आठवडेही लागू शकतात. तेवढा वेळ दिल्याशिवाय योग्य डबासुद्धा नापास होतो. पुढच्या वेळी एकच बदल करा आणि त्याला पुरेसे दिवस द्या. त्या काळात नवं औषध, नवे थेंब, त्वचेसाठी नवं मलम असं दुसरं काही डॉक्टरांना विचारल्याशिवाय सुरू करू नका, नाहीतर गुण कशाचा हे कळणार नाही.

ॲलर्जी नसण्याचीही शक्यता आहे आणि ती मनात जागी ठेवा. गाईच्या दुधाची ॲलर्जी खरोखर सिद्ध होते अशी बाळं शंभरात दोन-तीनपेक्षा जास्त नसतात. संशय त्याहून कितीतरी जास्त बाळांवर घेतला जातो. कडक शीनं गुदद्वाराला चीर पडली तरी रक्ताची रेघ दिसते, आतड्याच्या संसर्गातही दिसते. कोरडे चट्टे पुष्कळ बाळांना दुधाशी संबंध नसतानाही येतात. नुसतं रडणं असतं, तर मी ॲलर्जीचं नावही काढलं नसतं. पण फॉर्म्युला सुरू झाल्यावर त्वचा आणि पोट दोन्ही एकदम बिघडली आहेत. अशा जुळणीमुळे संशय रास्त ठरतो.

डब्यांचा विचार करण्याआधी एक पर्याय मांडते, जो तुमच्या पत्रात नाही. तिला अंगावरचं दूध बाधत नव्हतं. तुम्ही तेव्हा दूध-दही खात होतात आणि तरीही ती बरी होती. याचा अर्थ अंगावरचं दूध बंद करण्याचं काही कारण नाही, आणि निदान सुरुवातीला तुमच्या ताटातून दूध काढण्याचंही नाही. त्रास फक्त बाटलीबरोबर सुरू झाला असेल, तर बाटलीतलं बदलायचं. दूध काढून ठेवणं तुम्हाला जमणार असेल, तर तीनपैकी एक-दोन बाटल्या त्याच्याच होऊ शकतात. ताजं काढलेलं दूध २५ अंशांपर्यंतच्या खोलीत चार तास टिकतं, फ्रीजमध्ये चार दिवस. फॉर्म्युला बदलूनही चट्टे आणि शी तशीच राहिली, तर मग डॉक्टरांच्या सांगण्यावरून तुम्ही स्वतः दोन ते चार आठवडे दूध, दही, लोणी, चीज आणि दूध घातलेले तयार पदार्थ सोडून पाहायचे. त्या काळात कॅल्शियम रोज १००० मिलीग्रॅमच्या आसपास पोटात जायला हवं आणि ड जीवनसत्त्वही हवं. केवळ अंगावर पिणाऱ्या बाळांसाठीही हाच नियम: आईनं पथ्य करून पाहावं, पाजणं थांबवू नये.

तरीही फॉर्म्युला लागणारच असेल, तर पहिली निवड ‘एक्स्टेन्सिव्हली हायड्रोलाइज्ड’ फॉर्म्युला. प्रथिन म्हणजे मण्यांची लांब माळ धरली, तर इथे माळ तोडून दोन-चार मण्यांचे बारके तुकडे केलेले असतात. बहुतेक तुकडे इतके छोटे असतात की ॲलर्जीला ते ओळखता येत नाहीत. गाईच्या दुधाची ॲलर्जी असलेल्या शंभरातल्या नव्वद किंवा त्याहून जास्त बाळांना हा फॉर्म्युला मानवतो. त्यातही दोन तऱ्हा आहेत. व्हेपासून बनवलेल्या डब्यांत बहुधा लॅक्टोज असतं, चव जरा बरी असते, आणि तुमच्या मुलीसारख्या बाळांना ते चालतं. केसीनपासून बनवलेल्यांत लॅक्टोज सहसा नसतं, वास उग्र असतो. जुलाब चालू असतील किंवा वजन घटत असेल, तर डॉक्टर लॅक्टोज नसलेला आणि मध्यम साखळीच्या स्निग्धांशाचा निवडतात, कारण तो स्निग्धांश दुखावलेल्या आतड्यातही सहज शोषला जातो.

अमिनो ॲसिड फॉर्म्युल्यात माळ राहतच नाही, सगळे मणी सुटे. तो सर्वांत सुरक्षित, म्हणून पहिल्या दिवसापासून तोच द्यावा असं अनेक पालकांना वाटतं. तो महाग आहे, चवीला कडवट आहे आणि फार थोड्या बाळांना लागतो. दुधानं जिवावर बेतेल अशी तात्काळ प्रतिक्रिया आलेली असेल, वजन ठळकपणे घसरत असेल, आईनं कडक पथ्य करूनही केवळ अंगावर पिणाऱ्या बाळाचा तीव्र त्रास थांबत नसेल, किंवा हायड्रोलाइज्ड फॉर्म्युला पूर्ण मुदत देऊनही गुण आला नसेल, तिथे त्याची जागा आहे. मुलीची वजनाची रेघ पाहून डॉक्टरच थेट इथून सुरुवात करा म्हणाले, तर त्याला कारण असेल, विचारून घ्या.

सोयाचा डबा सहा महिन्यांखाली नको. त्यात वनस्पतिजन्य इस्ट्रोजेन आणि खनिजं शोषू न देणारे फायटेट असतात, शिवाय दूध उशिरा बाधणाऱ्या बाळांपैकी बऱ्याच जणांना सोयाही बाधतो. सहा महिन्यांनंतर, हायड्रोलाइज्ड फॉर्म्युला तोंडातच घेत नसेल तर तो विचारात घेता येतो. तांदळाच्या प्रथिनांचे तुकडे करून बनवलेला बाळांचा फॉर्म्युला काही ठिकाणी मिळतो. तो चांगला पर्याय आहे. पण तांदूळ, ओट, बदाम किंवा नारळ यांची पेयं म्हणजे फॉर्म्युला नव्हे. त्यांत बाळाला पुरेल एवढं प्रथिन, स्निग्धांश किंवा लोह नसतं.

शेळीच्या दुधाबद्दल मला जरा ठामपणे सांगू द्या, कारण हा सल्ला प्रेमापोटी दिला जातो आणि नुकसान करून जातो. शेळीच्या दुधातली प्रथिनं गाईच्या दुधातल्यांशी इतकी मिळतीजुळती असतात की गाईचं दूध बाधणाऱ्या दहांपैकी नऊ बाळांना तेही बाधतं. म्हशीच्या आणि मेंढीच्या दुधाचं तसंच. त्यातून साध्या शेळीच्या दुधात फोलेट हे ब गटातलं जीवनसत्त्व फार कमी असतं, ते मुख्य आहार झालं की रक्तक्षय होतो, आणि त्यातल्या क्षारांचा भार लहान मूत्रपिंडांना झेपत नाही. शेळीच्या दुधाचा रीतसर फॉर्म्युला निरोगी बाळासाठी ठीक आहे, ॲलर्जीसाठी नाही. घरच्यांना एवढं सांगा की गाय बदलून शेळी आणली तरी प्रथिन तेच राहतं.

दुकानात डब्याचा पुढचा भाग वाचू नका. ‘सौम्य’, ‘आरामदायी’, ‘एचए’ (हायपोॲलर्जेनिक, म्हणजे ॲलर्जीची शक्यता कमी असा दावा) यांपैकी कुठलाही शब्द ॲलर्जीच्या बाळासाठी पुरेसा नाही. ‘एचए’ लिहिलेल्या पुष्कळ डब्यांत प्रथिन अर्धवटच तोडलेलं असतं. मागचा मजकूर वाचा. ‘एक्स्टेन्सिव्हली’ हा शब्द आणि गाईच्या दुधाच्या ॲलर्जीच्या आहारासाठी, वैद्यकीय देखरेखीखाली वापरावं, असा उल्लेख तिथे असायला हवा. ‘हायड्रोलाइज्ड’ एवढंच दिसलं तर डबा परत ठेवा.

नवा डबा आणल्यावर पहिली अडचण चवीची येते. तीन-चार महिन्यांखालची बाळं तो बिनतक्रार पितात, त्यानंतर तोंड वळवू लागतात. तुमच्याकडे एक सोय आहे: जुना फॉर्म्युला पूर्ण बंद करून नवा तुमच्या काढलेल्या दुधात मिसळता येईल. पहिले दोन दिवस पाऊण भाग तुमचं दूध आणि पाव भाग तयार केलेला नवा फॉर्म्युला, मग निम्मं-निम्मं, मग पाऊण भाग नवा. दोन्ही वेगवेगळे, आपापल्या प्रमाणात तयार करून मग एकत्र करा. आईच्या दुधात कोरडी पावडर घालू नका, मिश्रण फार घट्ट होतं. काढलेलं दूध नसेल, तर उशिरा उमटणाऱ्या प्रकारात काही दिवस जुन्या फॉर्म्युल्यात मिसळून बदलता येतं, फक्त आठवडे मोजायला सुरुवात पूर्ण बदल झाल्याच्या दिवसापासून करायची. तात्काळ प्रकारात मात्र जुन्याचा थेंबही नको. साखर घालून चव सुधारू नका, आणि मध तर एक वर्षाखाली कुठल्याच कारणानं नाही, त्यातून बोटुलिझम या गंभीर विषबाधेचा धोका असतो.

शी हिरवट किंवा करडी-हिरवी होईल. या फॉर्म्युल्यावर ती तशीच होते, घाबरून डबा बदलू नका. वास बदलेल. पाहायचं ते वेगळं: रक्त आणि चिकटपणा थांबला का, दिवसाला सहा किंवा जास्त लंगोट चांगले ओले होतात का, वजन पुन्हा चढतंय का. या वयात एकूण दूध अंदाजे वजनाच्या दर किलोमागे १५० मिली लागतं. सहा किलोच्या बाळाला अंगावरचं धरून दिवसाला ९०० मिलीच्या आसपास. हा अंदाज आहे, बाटली संपलीच पाहिजे असा आग्रह नको. जबरदस्तीनं जास्त पाजल्यानेही बाळ रडतं, दूध टाकतं, आणि मग पुन्हा डब्यावर संशय येतो.

मिसळण्यातल्या चुका बऱ्याचदा ‘मानवत नाही’ म्हणून खपतात. प्रत्येक डब्याचा स्कूप वेगळ्या मापाचा असतो. जुन्या डब्यातला चमचा नव्यात घातला की प्रमाण बिघडतं. पाणी आधी मोजायचं, पावडर नंतर, स्कूप सपाट करून, दाबून नाही. महाग डबा पुरवायला पाणी वाढवलं तर वजन खाली येतं. पावडर घट्ट केली तर बद्धकोष्ठ आणि क्षारांचा त्रास होतो. पावडर निर्जंतुक नसते, म्हणून पाणी उकळून अर्ध्या तासाच्या आत, ७० अंशांपेक्षा थंड होण्याआधी मिसळायचं आणि मग बाटली गार करून मनगटावर पाहायची. अपवाद एक: ज्या डब्यात जिवंत प्रोबायोटिक जंतू घातलेले असतात, ते उकळत्या पाण्यात मरतात, तिथे पाण्याचं तापमान डब्यावर लिहिल्याप्रमाणे ठेवा. तयार बाटली दोन तासांत संपवा. उष्टं उरलं तर टाकून द्या.

दोन ते चार आठवड्यांत सगळं निवळलं, तर पुढची पायरी पालकांना नकोशी वाटते: जुना फॉर्म्युला पुन्हा देऊन पाहणं. मुलगी शांत झोपायला लागल्यावर हे मुद्दाम कोण करेल, हे समजू शकते. पण जुलाबाचा एखादा संसर्ग याच काळात आपोआप बरा झाला असेल, तर त्याचं श्रेय डब्याला जाईल आणि मुलगी विनाकारण वर्षभर पथ्यावर राहील. उशिरा उमटणाऱ्या, सौम्य प्रकारात, डॉक्टरांच्या संमतीनं हे घरी करता येतं. दिवसातल्या एकाच बाटलीत पहिल्या दिवशी ३० मिली जुना फॉर्म्युला, बाकी नवा. रोज ३० मिलीनं वाढवत आठवडाभरात ती बाटली पूर्ण जुन्याची. त्रास परतला की लगेच थांबवा, निदान पक्कं झालं. परतला नाही, तर ॲलर्जी नाही. तात्काळ प्रकारात किंवा प्यायल्यावर एक ते चार तासांत वारंवार उलट्या होऊन बाळ पांढरंफटक पडत असेल, तर हा प्रयोग फक्त रुग्णालयात.

निदान पक्कं झालं तर हे पथ्य किमान सहा महिने किंवा मुलगी ९ ते १२ महिन्यांची होईपर्यंत चालतं, मग पुन्हा पाहायचं. बहुतेक मुलं पहिल्या काही वर्षांत यातून बाहेर पडतात, उशिरा उमटणाऱ्या प्रकारातली लवकर. परत देताना भाजलेल्या पदार्थातलं दूध आधी आणि साधं दूध शेवटी, कारण जास्त भाजल्यावर प्रथिनाचा आकार बदलतो. सहा महिन्यांच्या सुमारास वरचं खाणं सुरू करताना दूध वगळा, पण अंडं आणि शेंगदाण्याची पेस्ट भीतीपोटी लांबवू नका. तयार पदार्थांवर व्हे, केसीन, केसिनेट, मिल्क सॉलिड्स हे शब्द शोधा. प्रोबायोटिकच्या काही पुड्यांतही दुधाचं प्रथिन असतं.

तुम्ही कामावर जाल तेव्हा मुलीला जे सांभाळतील, त्यांच्यासमोर एकदा बाटली बनवून दाखवा आणि प्रमाण कागदावर लिहून डब्यालाच चिकटवा. जुने तिन्ही डबे त्यांच्या चमच्यांसकट स्वयंपाकघरातून हलवा. रात्रीच्या घाईत हाताला चुकीचा डबा लागून दोन आठवड्यांची मेहनत वाया जाते. फक्त अगदी पहिला, ज्यानं त्रास सुरू झाला, त्याच्या नावाचा आणि मागच्या घटकयादीचा फोटो ठेवा. पुन्हा देऊन पाहण्याच्या आठवड्यात तोच ताजा आणावा लागेल, कारण उघडलेला डबा साधारण तीन-चार आठवड्यांनंतर वापरायचा नसतो.